मिरजेच्या तीन वाघिणी

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. मूळ शब्द 'वॅगन'. पण लोकांच्या तोंडी तो इतका मुरला की गुळाच्या दोन वाघिणी गेल्या, खताची वाघीण आली, असे सातारा-सांगलीकडचा व्यापारी सहज बोलून जाई. शाळेच्या पुस्तकात मात्र या वाघिणीला फारसे स्थान नाही. वाफेचे इंजिन, स्टीफन्सन, १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी, एवढे मुलांना ठाऊक असते. ओझे वाहणाऱ्या डब्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

या लेखात आपण वाघिणीचा इतिहास पाहणार आहोत, आणि तोही हातात पुठ्ठा, कात्री व डिंक घेऊन. असे करण्याचे कारण आहे. वाघिणीची छोटी प्रतिकृती जुळवताना जे प्रश्न पडतात, तेच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी खऱ्या वाघिणी बांधणाऱ्यांपुढे होते. त्यांची तीन वेगवेगळी उत्तरे एकाच आवारात उभी असलेली पाहायला मिळत, ती आपल्या मिरजेच्या स्टेशनात.

सुट्या भागांची पेटी

जर्मनीतील मार्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात ठरावीक मापाच्या रुळांवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या मांडल्या. रुळांची मापे ठरली आणि मग एका गाडीला दुसरा डबा पुढे कधीही विकत घेऊन जोडता येऊ लागला. इंग्लंडात मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्न्बी यांनी १९२० साली चावीची आगगाडी बाजारात आणली. तिचे भाग नट-बोल्टांनी जोडलेले होते; गाडी सोडवावी आणि पुन्हा जुळवावी, हाच खेळ. पुढे लाकूड, पुठ्ठा, पितळी पत्रा आणि प्लॅस्टिक यांच्या सुट्या भागांच्या पेट्या आल्या. पेटीत काय असते? दोन लांब बाजू, दोन टोकांच्या बाजू, तळ, तळाखालचा सांगाडा, चार चाके, दोन आस, धक्का झेलणारे बफर आणि डबे जोडणारी कडी.

आपल्याकडे या छंदाचे सर्वांना पाहता येईल असे ठिकाण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी जन्मभर जोपासलेला हा छंद १९९८ सालच्या एप्रिलमध्ये लोकांसाठी खुला झाला. तिथल्या गाड्या 'एचओ' मापाच्या आहेत, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या.

अशी वाघीण जुळवणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो सांगाडा काटकोनात बसवण्याचा. सांगाडा जरा पिळला गेला तरी चारांपैकी एक चाक रुळावर टेकत नाही आणि पहिल्याच वळणावर डबा घसरतो. तीन पायांचे स्टूल कधी डगमगत नाही, चार पायांचे टेबल डगमगते, त्यातलाच हा प्रकार. खऱ्या वाघिणीत ही अडचण स्प्रिंगा दूर करतात. रूळ थोडा खाली-वर असला तरी स्प्रिंग चाकाला रुळावर टेकवून धरते. म्हणजे स्प्रिंगचे काम केवळ हिसके कमी करण्याचे नाही, हे मुलांच्या ध्यानात येते.

दुसरा प्रश्न रुळांमधल्या अंतराचा, आणि इथे आपण इतिहासात शिरतो.

'रोड' नावाची स्टेशने

भारतात पहिले लोहमार्ग १.६७६ मीटर रुंदीचे, म्हणजे ब्रॉडगेज होते. ते खर्चिक होते. म्हणून १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या सरकारने स्वस्तातल्या मार्गांसाठी एक मीटर रुंदी ठरवली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर, धान्य वेळेवर पोचवता यावे यासाठी दुष्काळी मुलखात रेल्वे हवीच, असे सरकारच्या दुष्काळ आयोगाने १८८० साली सांगितले. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरज, बेळगाव आणि पुढे लोंढ्यापर्यंत जाणारा मीटरगेज मार्ग १८९० पर्यंत पुरा केला. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला आणि १९०७ साली मिरजेहून सांगलीला फाटा निघाला.

या मार्गावरची जुनी नावे पाहण्यासारखी आहेत. 'सातारा रोड', 'कुंडल रोड'. नावात 'रोड' असले की समजावे, गाव इथे नाही, इथे उतरून रस्त्याने गावाला जायचे आहे. रूळ सोयीच्या चढावरून गेले आणि गावे बाजूला राहिली. बैलगाडीने माल स्टेशनापर्यंत आणणे हाच मोठा खर्च होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ पत्करला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली हे तर खरेच. पण कच्चे लोखंड व कोळसा यायला आणि नांगर जायला वाघीण दाराशी हवी, हा विचारही त्यामागे होता. त्या स्टेशनाचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे.

सोलापूर जिल्ह्यात असेच एक 'बार्शी रोड' होते, म्हणजे आजचे कुर्डूवाडी. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी तिथून सुमारे ३५ किलोमीटर दूर. हा 'रोड' रुळांनी भरून काढायचे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने मनावर घेतले. मार्ग छोटा, माल बेताचा, सरकारी मदतीची खात्री नाही. तेव्हा त्याने मीटरपेक्षाही अरुंद, अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज निवडला. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली सांगोला, जत रोड, कवठे महांकाळ करीत मिरजेला पोचली.

ओझे किती, की कशावर?

अरुंद रूळ म्हणजे छोटी वाघीण आणि थोडा माल, असाच सर्वांचा समज होता. कॅल्थ्रॉपने प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. रुळाला गाडीचे एकूण वजन कळत नाही. एका वेळी एका आसावाटे जेवढा भार येतो तेवढाच त्याला कळतो. या भाराला आपण आसभार म्हणू. त्याने ठरवले की इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग मीटरला जेमतेम १५ किलो वजनाचा हलका रूळ पुरतो, पूलही हलके चालतात. आज आपल्या मालगाड्यांचा आसभार सुमारे २३ टन असतो आणि मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ घालतात, हे शेजारी ठेवून पाहावे.

मग मोठी वाघीण कशी करायची? आस वाढवून. चाकांच्या दोन जोड्यांची एक छोटी गाडी पुढे आणि तशीच एक मागे, आणि त्यांच्यावर लांब डबा. अशा छोट्या गाडीलाच अभियंते 'बोगी' म्हणतात. आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो ते वेगळे. चार आस, प्रत्येकी पाच टन, म्हणजे डबा व माल मिळून वीस टन. बार्शीची वाघीण २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद होती. रुळांमधल्या अंतराच्या बरोबर दहापट लांब!

वीस टनांची मर्यादा पक्की असल्यामुळे डब्याच्या वजनात वाचलेला प्रत्येक किलो मालाला मिळणार होता. इथे इंग्लंडातील लीड्स गावचे सॅम्सन फॉक्स यांची युक्ती उपयोगी पडली. जाड पट्ट्या एकमेकींना जोडण्याऐवजी पोलादाचा पातळ पत्रा दाबून, कडा दुमडून सांगाडा तयार करायचा. बार्शीची इंजिने आणि डबे जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले येथे मुद्दाम घातलेल्या मार्गावर चालवून दाखवण्यात आले.

वर्गात करून पाहू

आता पुठ्ठा घ्या. प्रमाण १:५० ठरवा. बार्शीच्या वाघिणीचा तळ १५.२ सेंटिमीटर लांब आणि ४.३ सेंटिमीटर रुंद येईल.

पहिला प्रयोग. तळाचे दोन तुकडे कापा. एक नेमका मापाचा. दुसऱ्याला दोन्ही लांब बाजूंनी एकेक सेंटिमीटर जास्त ठेवा आणि त्या कडा खाली काटकोनात दुमडा. दोन्ही तुकडे दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखे ठेवून वर नाणी रचत जा. सपाट तुकडा लवकर वाकेल. दुमडलेला किती नाणी पेलेल, याचा अंदाज मुलांना आधी लिहून ठेवायला सांगा. पुठ्ठा तोच, जाडी तीच, फक्त आकार बदलला. फॉक्स यांची युक्ती ती हीच.

दुसरा प्रयोग वजनाचा. लांबी ५० पटीने घटली की आकारमान ५० × ५० × ५०, म्हणजे सव्वा लाख पटीने घटते. तेव्हा वीस टनांची भरलेली वाघीण या प्रमाणात किती वजनाची व्हावी? २०,००० किलोला सव्वा लाखाने भागले की उत्तर १६० ग्रॅम येते. तयार झालेली वाघीण तराजूत घाला आणि १६० ग्रॅम होईपर्यंत तिच्यात मटकी किंवा ज्वारी भरा. छंद म्हणून गाड्या करणारेही हलक्या डब्यांच्या तळाशी वजन घालतात, नाहीतर डबे रुळावर नीट टेकत नाहीत.

तिसरा प्रयोग कागदावरचा. तिन्ही मार्ग त्याच प्रमाणात शेजारी शेजारी काढा. रुळांमधले अंतर ब्रॉडगेजचे ३३.५ मिलिमीटर, मीटरगेजचे २०, नॅरोगेजचे १५.२. प्रत्येकावर डब्याची रुंदी दाखवा. ब्रॉडगेजचा डबा सुमारे ३.२ मीटर रुंद, म्हणजे रुळांमधल्या अंतराच्या १.९ पट. बार्शीचा २.१३ मीटर, म्हणजे २.८ पट! अरुंद पायांवर रुंद धड. भार उंच रचला किंवा वेग वाढवला तर काय होईल, हे मुले चित्र पाहूनच सांगतील.

मग ती गेली कशी?

इतकी विचारपूर्वक बांधलेली वाघीण टिकली का नाही, हा प्रश्न मुले विचारतीलच. बार्शी लाइट रेल्वे १९५४ साली सरकारने घेतली. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला आणि मिरजेत तीनही मापांचे रूळ एकत्र आले. १९९० च्या दशकात लोंढ्याकडचा मीटरगेज गेला, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत बार्शीचे नॅरोगेज रूळही टप्प्याटप्प्याने उखडून तिथे ब्रॉडगेज आले.

कारण शोधायला एक गणित घालू. समजा एका वाघिणीत १०० किलोची १०० पोती आहेत आणि गाडीला अशा दहा वाघिणी आहेत. माप बदलते त्या स्टेशनात ही हजार पोती एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. म्हणजे शंभर टन ओझे हमालांच्या पाठीवरून जाणार. वेळ गेला, मजुरी गेली, पोती फाटली, काही माल वाटेत गळाला. बार्शीच्या वाघिणीने रुळावरचा भार नेमका मोजला होता. पाठीवरचा भार तिच्या हिशेबाबाहेर होता. शिवाय ही अडचण एका ठिकाणी मिटवली तर दुसरीकडे उभी राही. मीटरगेजच्या काळात मुंबईचा माल पुण्याला बदलावा लागे. १९७१ नंतर पुण्याची बदली संपली आणि बेळगावकडच्या मालासाठी ती मिरजेत आली.

कॅल्थ्रॉपला हे कळत नव्हते असे मात्र नाही. त्याने इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड नावाचा अडीच फुटी मार्ग बांधला. १९०४ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर मोठ्या मापाची भरलेली वाघीण जशीच्या तशी पाठीवर घेणारी छोटी वाघीण होती. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी मालाने भरलेल्या पेट्या थेट जहाजावर चढवल्या आणि त्यातून कंटेनरची वाहतूक वाढत गेली. विचार तोच होता: मालाला हात न लावता पेटीच उचलायची.

ज्यांच्या गावात जुने नॅरोगेज स्टेशन होते अशा शाळांना एक काम सुचवावेसे वाटते. तिथे माल बदलण्याचे काम केलेले हमाल, आडते, स्टेशनावरचे कर्मचारी अजून भेटू शकतील. एका वाघिणीत किती पोती बसत, ती उतरवायला किती माणसे आणि किती तास लागत, मजुरी कशी ठरे, ब्रॉडगेज आल्यावर त्या माणसांनी कोणते काम धरले, हे मुलांनी त्यांना विचारावे आणि लिहून काढावे. पुठ्ठ्याच्या वाघिणीशेजारी ती वही ठेवली, तर आपण वर मांडलेले पोत्यांचे गणित खऱ्या आकड्यांनी पुन्हा करून पाहता येईल.