दोन फोटोंचा एक खरा वाटणारा फोटो कसा बनतो?

ओळखीतल्या एका घरात मुलीच्या लग्नाचा अल्बम आला. वडील लग्नाच्या दोन वर्षं आधी वारले होते. म्हणून भावाने स्टुडिओवाल्याला त्यांचा जुना फोटो दिला आणि नवरा-नवरीच्या शेजारी त्यांना उभं करून घेतलं. काम स्वच्छ होतं, कडा कुठे कापल्यासारख्या दिसत नव्हत्या. तरी आजीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "तो इथे उभा नाहीये रे." आजीला फोटोशॉप हा शब्दही माहीत नाही. मग तिला नेमकं काय दिसलं?

वडिलांचा मूळ फोटो गच्चीवर, भर दुपारी काढलेला होता. ऊन डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळोख. लग्नाच्या स्टेजवर मात्र दिवे समोरून, सगळ्यांचे चेहरे लख्ख आणि सपाट. एकाच रांगेतल्या एकाच माणसावर दुपार होती, बाकीच्यांवर रात्र.

ही जोडाजोडी फोटोशॉपने आणलेली नाही. फोटोशॉप आलं १९९० साली. त्याच्या १३०हून जास्त वर्षं आधी, १८५६-५७च्या सुमारास, गुस्ताव्ह ले ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो असेच बनवत होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाने फार लवकर भरून जायच्या. लाटा नीट याव्यात एवढा वेळ दिला की आकाश पांढरंफटक. म्हणून तो समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी घेऊन क्षितिजाच्या रेषेवर त्यांची गाठ घालायचा. तेच ढग त्याने वेगवेगळ्या समुद्रांवरही वापरले आहेत! १८५७ साली ऑस्कर रेजलँडरने ३०हून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं दृश्य उभं केलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून एका मरणासन्न मुलीचा प्रसंग रचला. असं दृश्य चित्रात असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. फोटोत ते पाहून लोक अस्वस्थ झाले.

आता जोडकाम टिकतं कशावर? सगळ्यात आधी प्रकाशावर. तो कुठून येतो, सावलीची कड कापल्यासारखी आहे की विरघळलेली, आणि त्याचा रंग कोणता, हे दोन्ही फोटोंत जुळायला हवं. रंग सॉफ्टवेअरमध्ये सहज बदलतो: सावलीतला निळसर चेहरा पिवळ्या दिव्याखाली आणता येतो. दिशा बदलणं मात्र अवघड. मग लोक सोपी वाट धरतात आणि माणूस आरशासारखा उलटा करतात. उजेडाची बाजू जुळते, पण शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, भांग दुसऱ्या बाजूला पडतो, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो. घरच्यांच्या हे लगेच लक्षात येतं, कारण त्यांनी तो भांग रोज पाहिलेला असतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. हिच्याकडे फार कमी लोक पाहतात, आणि माझ्या मते अर्धी फजिती इथेच होते. सपाट जमिनीवर उभं राहून, कॅमेरा डोळ्यांसमोर सरळ धरून फोटो काढला, की क्षितिज काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. त्यामुळे त्याच्याइतक्या उंचीचे सगळे लोक, पाच फुटांवर असोत की पन्नास, त्यांचे डोळे त्याच रेषेवर दिसतात. चौपाटीवरचा एखादा फोटो काढून बघा. जवळच्या माणसाची पावलं फोटोच्या तळाशी असतात, लांबच्याची बरीच वर, पण समुद्राची रेषा दोघांच्याही डोळ्यांजवळूनच जाते. जोडायच्या दोन्ही फोटोंत ही रेषा आधी शोधायची. एकात ती डोळ्यांतून आणि दुसऱ्यात कमरेतून जात असेल, तर दुसरा फोटो कुणीतरी खाली बसून काढला आहे. मग माणसाला कितीही लहान-मोठं करा, तो तरंगेल नाहीतर खड्ड्यात उभा दिसेल. सेल्फीचंही तसंच. हाताच्या अंतरावरून नाक मोठं येतं, कान मागे लपतात. दहा फुटांवरून काढलेल्या ग्रुप फोटोत तो चेहरा बसत नाही.

मग पावलं. जमिनीवर लांब पसरलेली सावली बहुतेक जण काढतात. पण चपलेच्या अगदी खाली, जिथे उजेड पोचतच नाही, तिथली बारीक काळी रेघ विसरतात. स्टुडिओवाले यात हुशार. जोडायच्या माणसाला ते सोफ्यामागे किंवा मागच्या रांगेत उभं करतात, म्हणजे पावलांचा प्रश्नच मिटला.

राहिला फोटोचा पोत. जुना स्कॅन केलेला फोटो दाणेदार असतो, मोबाइलचा गुळगुळीत. धूसर फोटोला चकचकीत करायला जाऊ नका, चांगल्या फोटोलाच थोडं खाली उतरवा. दोघांवर सारखाच दाणा टाकला की ते एका घरचे दिसू लागतात. काम झाल्यावर फोटो काळा-पांढरा करून, अंगठ्याएवढा लहान करून बघायचा. काही उपरं असेल तर तेव्हा टोचतं.

हे सगळं आपोआप जुळतं कधी? दोन्ही फोटो एकाच जागी, एकाच उजेडात, काही क्षणांच्या अंतराने काढलेले असले की. २००३च्या इराक युद्धात नेमकं हेच झालं. लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्की या छायाचित्रकाराने बसराजवळ काढलेल्या दोन फोटोंचा एक केला. एकातून हाताने इशारा करणारा ब्रिटिश सैनिक घेतला, दुसऱ्यातून मूल कडेवर घेऊन येणारा माणूस. प्रकाश, उंची, पोत, सगळं बिनचूक. ३१ मार्चला तो पहिल्या पानावर छापून आला. मग हार्टफर्ड कुरंट या दैनिकातल्या एका कर्मचाऱ्याला दिसलं, की मागे बसलेल्या गर्दीतले काही लोक फोटोत दोनदा आहेत. वॉल्स्कीने कबुली दिली आणि १ एप्रिलला त्याची नोकरी गेली. दोन्ही मूळ फोटो खरे होते, माणसंही खरी होती. वाचकाने पाहिलेला तो एक क्षण मात्र घडलाच नव्हता.

उलटंही होतं. केनेडींच्या हत्येचा आरोप असलेल्या ली हार्वी ओसवाल्डचा घरामागच्या अंगणात बंदूक घेऊन उभा असलेला फोटो आहे. माझं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलंय, असं तो स्वतः पोलिसांना म्हणाला होता. नाकाखालची सावली आणि अंगाची सावली जुळत नाहीत, हे पुढे अनेकांनी पुरावा म्हणून मांडलं. २००९ साली हॅनी फरीद या संगणकशास्त्रज्ञाने डोक्याचं त्रिमितीय प्रारूप बनवून दाखवलं, की एकाच सूर्याने दोन्ही सावल्या तशाच पडतात. म्हणजे आजीसारखी शंका जरूर घ्यावी, पण "सावली चुकीची आहे" एवढ्यावर खालच्या कमेंटमध्ये निकाल देऊ नये. त्यातून व्हॉट्सॲपवर पंधरा वेळा फिरलेला फोटो इतका धूसर झालेला असतो, की जोड असलाच तरी त्यात बुजून जातो.

खरा पुरावा म्हणजे मूळ फोटो सापडणं. २००४ साली अमेरिकेच्या निवडणुकीत जॉन केरी आणि अभिनेत्री जेन फोंडा युद्धविरोधी सभेत एकत्र असल्याचा फोटो फिरला, वर वर्तमानपत्राच्या कात्रणासारखा सजवलेला. केरीचा मूळ फोटो केन लाइट यांनी १९७१मध्ये काढलेला होता, त्यात शेजारी कुणीच नव्हतं, आणि निगेटिव्ह त्यांच्याकडे शाबूत होती. फोंडाचा फोटो १९७२मधला, वेगळ्या शहरातला. आज हेच काम गूगल लेन्सने घरबसल्या करता येतं. फक्त पूर्ण फोटो टाकून थांबू नका. एकेका माणसापुरता कापून वेगवेगळा शोधा, कारण जोडलेल्या फोटोचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

त्या घरातला फोटो नंतर पुन्हा करून घेतला. पुतण्याच्या मुंजीत, मंडपात, समोरच्या दिव्यांच्या उजेडात काढलेला वडिलांचा एक फोटो निघाला. त्यात त्यांच्या डोक्यावर टोपी आहे आणि ते थोडे बाजूला बघतायत. अल्बममध्ये त्या पानाच्या मागे भावाने पेनने लिहून ठेवलंय, की बाबांचा फोटो मुंजीतला आहे. आजीने या वेळी काही म्हटलं नाही, नुसता पदराने काच पुसावी तसा कागद पुसला.