तोराजिरोचे घर : स्मरणरंजन, नवता आणि एक चित्रपटमालिका

'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे. मूळ संज्ञा योहानेस होफर याने 1688 मध्ये बाझल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात घडवली. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोड होती, आणि परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते. मराठी प्रतिशब्दात परतणे उरले नाही आणि वेदनाही उरली नाही. उरले ते रंजन. या भाषांतराची किंमत दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रपटमालिकांची चर्चा करताना मोजावी लागते. स्मरणरंजन म्हणजे केवळ सुखासीन रमणे असे एकदा गृहीत धरले, की नवता आपोआपच त्याची सद्गुणी प्रतिस्पर्धी ठरते. मग समीक्षकाने नवतेची बाजू घ्यायची आणि चाहत्यांनी जुन्याची, अशी वाटणी होऊन जाते.

उम्बेर्तो इको याने 1985 मध्ये पुनरावृत्ती आणि नवता यांच्यावर लिहिलेल्या निबंधात ही वाटणी संशयास्पद ठरवली होती. त्याने केलेला एक भेद येथे उपयोगी आहे. एका प्रकारात मध्यवर्ती पात्र आणि कथेचा साचा स्थिर असतो, भोवतालची पात्रे तेवढी बदलतात. दुसऱ्या प्रकारात काळ साचत जातो, माणसे म्हातारी होतात, पिढी पुढे सरकते. पहिलीला आपण 'आवर्तनमालिका' म्हणू, दुसरीला 'वंशगाथा'. प्रस्तुत लेखात ज्या जपानी मालिकेचा विचार करायचा आहे, ती एकाच वेळी दोन्ही आहे. आणि स्मरणरंजन व नवता यांचा तिच्यातील संबंध या दुहेरीपणातूनच उलगडतो.

'ओतोको वा त्सुराई यो' (पुरुषाचा जन्म कठीण, असा साधारण अर्थ) ही शोचिकू कंपनीची मालिका 1969 ते 1995 या काळात 48 चित्रपटांची झाली. त्यांपैकी तिसरा आणि चौथा वगळता सर्व योजी यामादा यांनी दिग्दर्शित केले, आणि नायक तोराजिरो, म्हणजे सर्वांचा 'तोरा-सान', अखेरपर्यंत कियोशी आत्सुमी यांनी साकारला. साचा सांगायला दोन वाक्ये पुरतात. जत्राजत्रांतून माल विकत हिंडणारा हा फेरीवाला चौकटीचा कोट, पोटपट्टा आणि चामडी पेटी अशा थाटात टोकियोच्या शिबामाता भागातील आपल्या काका-काकूंच्या मिठाईच्या दुकानी परततो, तेथे भांडतो, आणि कोणा स्त्रीच्या प्रेमात पडतो. ते प्रेम फळत नाही, तो पुन्हा वाटेला लागतो. बहुतेक वर्षी दोन चित्रपट निघत, एक उन्हाळ्यातील ओबोन या पितृस्मरणाच्या सणाच्या सुमारास आणि एक नववर्षाला. म्हणजे नेमके जपानी माणूस स्वतः गावी परततो त्या दिवसांत. पडद्यावरचे परतणे आणि प्रेक्षकाचे परतणे एकाच पंचांगावर बसवलेले होते.

परंतु या मालिकेचा जन्मच चाहत्यांच्या हट्टातून झाला, हे विसरता येत नाही. तोराजिरो प्रथम अवतरला तो 1968-69 मध्ये फुजी दूरचित्रवाणीवर. त्या मालिकेच्या शेवटच्या भागात यामादांनी त्याला आमामी बेटावर हाबू जातीच्या विषारी सापाच्या दंशाने मारले. प्रेक्षक संतापले, निषेधाचा वर्षाव झाला, आणि ऑगस्ट 1969 मध्ये तो चित्रपटगृहात जिवंत होऊन आला. लेखकाने केलेला शेवट वाचकांनी नाकारण्याची उदाहरणे वाङ्मयेतिहासात आहेत. शेरलॉक होम्सचे सर्वांना ठाऊक आहे. येथे विशेष हा, की नकार मान्य केल्यावर यामादांनी तो रूपबंधाचा नियमच करून टाकला. तोराजिरोला शेवट नाही. लग्न हाही शेवटच, म्हणून लग्नही नाही. 1975 च्या पंधराव्या चित्रपटात फिरती गायिका लिली (रुरिको आसाओका) त्याच्याशी लग्नाला चक्क तयार होते. तो विचारतो, थट्टाच ना? ती क्षणभर थांबून म्हणते, थट्टाच. या प्रसंगात पात्राचा भित्रेपणा आणि मालिकेचा नियम एकच होतात. चाहत्यांना हवे असलेले आवर्तन टिकावे म्हणून पडद्यावरचा एक माणूस आपले सुख नाकारतो, आणि ते पाहून रडतात तेच चाहते. याला केवळ रंजन म्हणणे मला तरी जमत नाही.

नायकाभोवतीचा काळ मात्र थांबत नाही. पहिल्याच चित्रपटात बहीण साकुराचे (चिएको बाइशो) लग्न होते आणि अखेरीस मित्सुओ जन्मतो. म्हणजे भाचा आणि मालिका समवयस्क आहेत. काका झालेले शिन मोरिकावा 1972 मध्ये वारले. त्यांच्या जागी एक नट आला, मग आणखी एक, आणि प्रेक्षकांनी तिन्ही काका निमूट स्वीकारले. देवळाच्या वृद्ध धर्मगुरूचे काम करणारे चिशू ऱ्यू, ओझूंच्या चित्रपटांतून जगाला परिचित झालेले, 1993 मध्ये गेले. त्यांच्या जागी तेव्हा कोणी आले नाही; पुढील चित्रपटांतून धर्मगुरू जणू आतल्या खोलीत आहेत, अशा रीतीने त्यांचा उल्लेख होत राहिला. कोणती जागा भरता येते आणि कोणती नाही, याचा अलिखित संकेत निर्माते आणि चाहते यांच्यात ठरलेला दिसतो. बाहेरचे जगही या संकेतात शिरले. शिबामातातील एका खऱ्या दुकानाने पडद्यावरच्या दुकानाचे नाव घेतले, तेव्हा 1988 च्या चाळिसाव्या चित्रपटापासून पडद्यावरच्याच दुकानाला आपले नाव बदलावे लागले!

खरी नवता आली ती मात्र शरीराच्या सक्तीने. आत्सुमींची प्रकृती ढासळू लागल्यावर 1989 च्या बेचाळिसाव्या चित्रपटापासून मित्सुओ आणि इझुमी यांची प्रेमकथा केंद्रस्थानी आली, आणि 1990 पासून वर्षाला एकच चित्रपट निघू लागला. 1981 पासून मित्सुओ होत आलेला हिदेताका योशिओका पडद्यावरच वाढला होता. आवर्तनमालिका येथे वंशगाथेच्या आधारावर उभी राहते. हे चित्रपट मला आधीच्यांपेक्षा ढिले वाटतात. तरुणांच्या प्रेमात तोराजिरोच्या हास्यास्पदतेची धार नाही. तरीही बाजूला बसून सल्ला देणाऱ्या थकलेल्या मामाकडे पाहताना जो प्रत्यय येतो, तो आधीच्या चाळीसएक चित्रपटांच्या स्मृतीवाचून येऊच शकत नाही. 1995 च्या अखेरच्या चित्रपटात तोराजिरो त्या वर्षीच्या भूकंपानंतरच्या कोबे शहरात दिसतो, आणि मग लिलीसह काकेरोमा बेटावर. हे बेट आमामी द्वीपसमूहातलेच. जेथे त्याला 26 वर्षांपूर्वी मारले, तेथेच त्याला जवळजवळ संसार दिला गेला. 4 ऑगस्ट 1996 रोजी आत्सुमी वारले.

याच्या शेजारी 'स्टार वॉर्स' ठेवून पाहावे. 1977 च्या चित्रपटात जॉर्ज लुकस यांनी 1997 मध्ये फेरफार केले, तेव्हा चाहत्यांनी निर्मात्याविरुद्ध मूळ संहितेचा कैवार घेतला. 2012 मध्ये डिस्नेने ती कंपनी विकत घेतल्यावर निघालेल्या 2015 च्या चित्रपटावर अनुकरणाचा आरोप झाला, आणि वृद्ध ल्यूकला हताश दाखवणाऱ्या 2017 च्या चित्रपटावर द्रोहाचा. दोन्ही तक्रारींत मूळ चित्रपट ही एक पूर्ण झालेली वस्तू आहे आणि पुढील प्रत्येक चित्रपट तिच्या जवळ किंवा दूर आहे, एवढेच मोजले जाते. स्वेत्लाना बॉइम यांनी 2001 मध्ये पुनःस्थापक आणि चिंतनशील असे स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले. हे पहिल्याचे उदाहरण. तोराजिरोच्या चाहत्यांना असे मूळ उपलब्धच नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने मूळ म्हणजे रद्द करून घेतलेला मृत्यू.

म्हणून 2019 चा पन्नासावा चित्रपट महत्त्वाचा ठरतो. (1997 चा एकोणपन्नासावा हा 1980 च्या चित्रपटाला मित्सुओच्या आठवणीची चौकट देऊन केलेला पुनर्संस्कार होता.) येथे दुकानाचे कॅफे झाले आहे, मित्सुओ विधुर आणि कादंबरीकार आहे. तोराजिरो वारला की हिंडतो आहे, हे कोणी सांगत नाही. तो येतो तो जुन्या चित्रफितीतून, मित्सुओच्या स्मरणात. नवा नट नाही, पुनःस्थापनाही नाही. प्रेक्षकाच्या मनात चालणारी क्रियाच येथे कथानक झाली आहे, आणि नायकाच्या गैरहजेरीत वेदना तिच्या जागी परत आली आहे.

एक हिशेब मात्र चाहत्यांनी उशिरा केला. परतायला घर हवे, आणि घर राहावे म्हणून कोणीतरी तेथेच राहावे लागते. पन्नास वर्षे ते काम साकुराने केले. शिबामाता स्थानकासमोर मागे वळून पाहणारा तोराजिरोचा पुतळा 1999 मध्ये बसला. तो जिच्याकडे पाहतो आहे, त्या साकुराचा पुतळा तेथे आला 2017 मध्ये.