पालक, शाळा आणि उद्याचा अंदाज : औरंगाबादच्या शंभर वर्षांतून

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरोघरी एकच विषय असतो. सायन्स घ्यायचं की कॉमर्स, क्लास इथलाच लावायचा की मुलाला लातूरला पाठवायचं, इंग्रजी माध्यम झेपेल का? आणि या सगळ्याच्या मुळाशी एक भीती असते, ती म्हणजे आपला निर्णय चुकला तर मुलाचं नुकसान होईल. आज हीच भीती आपण इतिहासापुढे ठेवून बघू. याच शहरातल्या आधीच्या पिढ्यांनी मुलांच्या शिक्षणाचे निर्णय कसे घेतले आणि पुढे त्यांचं काय झालं? जुन्या काळाबद्दल बोलताना आपण शहराचं तेव्हाचं नाव, औरंगाबाद, हेच वापरू.

सुरुवात निजामाच्या राजवटीपासून करू. मराठवाड्यात घराघरांत बोलली जायची मराठी, पण राज्यकारभार चालायचा उर्दूत. प्राथमिक पातळीवर मराठी शाळा होत्या. पण मुलाला वरच्या शिक्षणाला न्यायचं, कचेरीत चिकटवायचं, तर उर्दूला पर्याय नव्हता. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ झालं आणि तिथलं उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झालं. 1923 साली औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज निघालं. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते. तेव्हा त्या काळच्या बापाने मुलाला उर्दूत घातलं, तर तो व्यवहाराला धरूनच वागला. त्याला डोळ्यांसमोर जे दिसत होतं, त्यावर त्याने हिशेब केला.

दुसरी वाटही होती. 1915 साली इथे सरस्वती भुवन ही शाळा सुरू झाली. 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवत होते, पुढे ते अंबाजोगाईच्या शाळेत आले. खासगी शाळांकडे सरकार संशयाने पाहत असे. म्हणजे मुलाला अशा शाळेत घालणं हा नुसता माध्यमाचा प्रश्न नव्हता. त्यात जोखीम होती, आणि ती जोखीम घेणारी साधी कुटुंबं इथे होती.

ही जोखीम किती खरी होती, ते 1938 साली दिसलं. औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानियात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, सरकारने मनाई केली आणि अनेकांना शिक्षणसंस्थेबाहेर जावं लागलं. त्या आईबापांचा विचार करा. शेत, दागिना काहीतरी गहाण टाकून मुलगा शिकायला ठेवलेला, आणि निरोप येतो की कॉलेज सुटलं! अशा वेळी नागपूर विद्यापीठाने या मुलांना दार उघडलं. त्या पिढीत पी. व्ही. नरसिंह रावही होते, जे पुढे पंतप्रधान झाले. घरच्यांनी ठरवलेली वाट मोडली, पण शिक्षण मोडलं नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण शेवटी आपण त्याच्याकडेच येणार आहोत.

मग आला सप्टेंबर 1948. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि कारभाराची भाषा बदलली. उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली, इथल्या शाळांत मराठी पुढे आली. ज्या मुलाने दहा-बारा वर्षं उर्दूतून गणित, इतिहास, कायदा शिकला, त्याच्यापुढचं गणितच बदललं. त्याच्या वडिलांचं चुकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. राज्यच बदलेल हे त्यांना कोण सांगणार होतं? पण ज्याला वाचायची, समजून घ्यायची, नवी भाषा उचलायची सवय लागली होती, तो सावरू शकत होता. ज्याच्याकडे फक्त नोकरीपुरती पाठ केलेली विद्या होती, त्याला ते फार जड गेलं असणार.

आता ज्यांच्यापुढे निवडायला शाळाच नव्हती, त्या पालकांकडे येऊ. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. तेच आपलं मिलिंद महाविद्यालय, तोच नागसेनवनाचा परिसर. कॉलेजबरोबर वसतिगृह होतं, आणि खेड्यातल्या कुटुंबासाठी खरी गोष्ट ती होती. आईबाप निरक्षर असतील, अभ्यास घेणं, विषय निवडणं त्यांच्या हातात नव्हतं. मुलगा कमावता होण्याच्या वयाचा झाला, तरी त्याला घरी न थांबवता पुढे पाठवणं, एवढंच त्यांच्या हातात होतं. एका घरासाठी ते 'एवढंच' किती मोठं होतं! याच मिलिंदमधून शिकलेले डॉ. सुखदेव थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. इथेच प्राध्यापक असलेल्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं.

बाबासाहेबांचं स्वतःचं बालपण इथे आठवावं लागतं. सुभेदार रामजींनी मुलाच्या पुस्तकांसाठी मुलीचे दागिने गहाण ठेवायलाही मागेपुढे पाहिलं नाही. परळच्या एका खोलीत पहाटे मुलाला उठवून अभ्यासाला बसवलं. 1907 साली मुलगा मॅट्रिक झाला. पुढे तो कोलंबिया विद्यापीठात जाईल, संविधान लिहील, हे रामजींनी आखलेलं नव्हतं. त्यांनी पुस्तक, वेळ आणि शिस्त दिली. पुढचं मुलाने केलं.

1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि दारं भराभर उघडली. त्याच वर्षी इथे वैद्यकीय महाविद्यालय, 1958 साली मराठवाडा विद्यापीठ, 1960 साली अभियांत्रिकी महाविद्यालय. आर्थिक मागासांसाठी ईबीसीची फीमाफी आली. 1963 साली रफिक झकेरियांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज उभं राहिलं. मग चिकलठाण्याला कारखाने आले, 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला. कालपर्यंत ज्या आयटीआयकडे लोक नाक मुरडायचे, तिथल्या प्रवेशासाठी धडपड सुरू झाली. 1950 साली कोणत्या पालकाला वाळूज दिसलं असतं?

मंडळी, या शंभर वर्षांतून एक गोष्ट हाती लागते. उद्याची नोकरी ओळखून मुलाला आजच त्या साच्यात बसवणं या शहरातल्या पालकांना फारसं जमलेलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना जमल्या त्या तीन गोष्टी. एक, मुलाचं शिक्षण मध्येच तुटू दिलं नाही. दुसरी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, फीमाफी अशी सोय कुठे आहे ते विचारत फिरले, त्यात कमीपणा मानला नाही. तिसरी, वाट मोडली तेव्हा मुलाला घराबाहेर काढलं नाही, दुसरी वाट शोधू दिली.

तेव्हा यंदा प्रवेशाचा अर्ज भरताना 'कशाला स्कोप आहे?' हा प्रश्न जरूर विचारा, पण तो एकटाच विचारू नका. मुलाला कोणता विषय न सांगता वाचावासा वाटतो? मोठी फी भरून कर्ज झालं आणि वर्षभराने त्याचं मन फिरलं, तर परत वळायला जागा उरते का? मुलगी असेल तर तिचं शिक्षण लग्नाच्या बोलणीपाशी थांबणार नाही, हे घरात आधी ठरलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नापास झालं तर ते लेकरू पहिल्यांदा तुमच्याकडे येईल की तुमच्यापासून लपेल?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही क्लासच्या माहितीपत्रकात मिळणार नाही. ते घरीच तयार करावं लागतं, आणि त्यासाठी पालकाला इंग्रजी येण्याची किंवा पदवी असण्याची गरज नसते. नागसेनवनात पोरं पाठवणाऱ्या आईबापांनी ते दाखवून दिलंय.