अक्षरांवर सत्ता कोणाची?

छापखान्यांत जुळाऱ्यानें एकदां खिळे जुळविले, कीं त्या पानाचें रूप कायमचें ठरतें. वाचकानें हवा तर चष्मा बदलावा, अक्षर बदलण्याचा अधिकार त्याला नाहीं. वेबच्या पानाची गोष्ट निराळी. तेथें लेखकाकडून येतो तो मजकूर. त्याचें रूप वाचकाच्या ब्राउझरमध्यें दर वेळीं नव्यानें घडतें. मग अक्षर केवढें असावें, ओळी डावीकडे लागाव्या कीं मध्यभागीं, हें ठरवावयाचें कोणीं? रूपाचे हे नियम ज्यांत लिहितात, त्या शैलीपत्रकाचा इतिहास आमच्या मतें याच प्रश्नाचा इतिहास आहे.

आरंभींच्या ब्राउझरांत लेखकाच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें, आणि लेखकांना तें रुचेना. १० ऑक्टोबर १९९४ रोजीं सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंतील होकॉन वियम ली यांनीं एक मसुदा प्रसिद्ध केला. रूपाचे नियम मजकुराहून वेगळे ठेवावे, आणि लेखक व वाचक या दोघांच्याही इच्छेचें वजन शेंकडेवारीनें मोजून निर्णय करावा, अशी त्यांत कल्पना होती. अवघ्या तीन दिवसांनीं नेटस्केप हा नवा ब्राउझर पुढें आला. त्यानें मजकुरांतच रूपाच्या खुणा घालण्याची सोपी वाट दाखविली, आणि पुष्कळ लेखक तिकडे वळले.

लींना पुढें बर्ट बोस येऊन मिळाले. १७ डिसेंबर १९९६ रोजीं सीएसएसची पहिली आवृत्ति वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें मान्य केली. शेंकडेवारी तोंवर गळाली होती. दोघांनींही आपापला नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून ठरविला, तर लेखकाचाच शब्द अखेरचा असे.

हा न्याय एकांगी होता. ज्याची दृष्टि अधू आहे, त्याला अक्षर मोठें करतां येणें हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. तें न जमल्यास पान त्याला मिटलेंच. १२ मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तींत हा क्रम उलटला, आणि वाचकाचा ‘महत्त्वाचा’ नियम श्रेष्ठ ठरला. आम्हां मराठी वाचकांसही हा अधिकार क्षुल्लक नाहीं. रोमन अक्षर पायरेषेवर बसतें, देवनागरी शिरोरेषेला लोंबतें. रोमनसाठीं बेतलेल्या दाट ओळींत आमच्या मात्रा आणि उकार एकमेकांस भिडतात.

परंतु नियमानें अधिकार मिळणें निराळें, आणि तो चालविण्याचें साधन हातीं असणें निराळें. क्रोम या ब्राउझरनें २०१४ सालीं वाचकाचें शैलीपत्रक स्वीकारणें बंद केलें. अक्षर लहानमोठें करण्याची सोय राहिली. हक्क कागदावर शाबूत आहे. तो बजावण्याची सोय मात्र वाचकांनीं मागितल्यावांचून टिकणार नाहीं.