पाखरांचा गावगाडा

मृगाच्या आगेमागे येवल्याच्या माळावर पावशा ओरडू लागला की शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ असा हुकूम ऐकू येतो. अवर्षणाचा तालुका, तेव्हा पाखराच्या नावातच पाऊस आला यात नवल नाही. हिंदी मुलुखात हाच पक्षी ‘पी कहाँ’ म्हणत विरहिणीची बाजू मांडतो, तर उकाड्याने बेजार गोऱ्या साहेबाला त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आले. ज्याला जे हवे ते! टिटवीचे नावही आवाजावरूनच पडले. संस्कृतातला टिट्टिभ तिच्याच कुळातला. पंचतंत्रात तो अंड्यांपायी समुद्राशी वैर घेतो. आभाळ कोसळलेच तर तोलून धरावे म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, असे आजीच्या गोष्टीत असते.

पण मराठी पक्षीनामांची खरी गंमत आवाजात नाही, धंद्यात आहे. खोडावर ठोके घालणारा सुतार, पानांना टाके घालणारा शिंपी, पाणवठ्यावर शेपूट आपटणारा परीट, काट्यांवर शिकार टांगणारा खाटीक, आणि घारी-कावळ्यांना हुसकावणारा काळ्या वर्दीतला कोतवाल. पाखरांनी अख्खा गावगाडाच उभा केला आहे.

कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीकाठच्या कारुक लोकांनी ही गोष्ट उलट्या टोकाने सांगितली. माणूस येण्याआधी पशुपक्षीच माणसांसारखे नांदत होते, असे त्यांच्या कथा मानतात. त्यांत निळा ‘जे’ पक्षी वैद्यकीही करतो. विल्यम ब्राइट यांनी कारुक भाषेचे व्याकरण कथांसह 1957 मध्ये छापले. आपल्याकडे असे काम मारुती चितमपल्लींनी केले. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून पाखरांची नावे मिळवली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला.

येवल्याच्या मागावर मात्र वेगळाच कोश चालतो. पैठणीच्या काठातली हिरवी ‘मुनिया’ म्हणजे पोपट. पक्षीनिरीक्षकाची मुनिया म्हणजे दाणे टिपणारी चिमणीएवढी पाखरे. विणकर आणि पक्षीनिरीक्षक एका दुकानात भेटले तर वाद अटळ!

आता सुगरण या पाखराचे. सुगरण म्हणजे घरकामात तरबेज बाई. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने तिचा खोपा घरोघरी पोचवला. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. गवताची पाती चिरून तो अर्धा खोपा लटकवतो, मादी येऊन पारखते, आणि पसंत पडला तरच पुढचे काम होते. पैठणीच्या गावात तरी या पाखराला सुगरण न म्हणता कोष्टी म्हणायला हवे होते.