नाव आपलं, नोंद कुणाची?

मंडळी, १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला, सरकारी पाट्या बदलल्या. आता धंद्याची पाटी इंटरनेटवर लागते.

'.इन' १९८९ सालचं. नोंदणी बरीच वर्षं जुहूच्या एनसीएसटीकडे होती, अटी कडक. जानेवारी २००५ मध्ये काम निक्सीकडे गेलं, अटी सैल झाल्या. २०१४ मध्ये देवनागरी '.भारत' आलं, आपल्याकडे वापरतंय कोण?

नागाव-काशिदच्या होमस्टेवाल्यांना मी विचारतो, "डोमेन कुणाच्या नावावर?" उत्तर ठरलेलं: "तो वेबसाइटवाला पोरगा बघतो." अहो, डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं. नोंद त्याच्या नावावर, तर सातबाराच त्याचा!

यावर सोप्या मराठीत माहिती लिहितोय. कुठे अडतं, कमेंटमध्ये सांगा.