दूरच्या संगणकाचे शिक्कामोर्तब

मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे; मोर्तबावरून मजकूर येथे संपला, पुढे कोणी अक्षर घुसडलेले नाही, याची ग्वाही मिळे. आज 'शिक्कामोर्तब' म्हणजे आपल्या लेखी केवळ मान्यता. दूरच्या संगणकाशी सुरक्षित संधान बांधण्याच्या इतिहासात मात्र या जोडशब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा वेगवेगळे उभे राहतात.

दूरच्या यंत्रावर काम करण्याची 'टेलनेट' ही पद्धत १९६९ पासूनची. तीत परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जाई. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरले गेल्याचे आढळले, तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी 'सिक्युअर शेल' ही प्रणाली लिहून जुलैत सर्वांना खुली केली. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले.

या पहिल्या आवृत्तीचे मोर्तब कच्चे निघाले. सांकेतिक मजकुरातही परक्याला भर घालता येते, हे १९९८ मध्ये दिसून आले. दुसऱ्या आवृत्तीने ती फट बुजवली. २००६ मध्ये ती प्रमाण ठरली. १९९९ पासून 'ओपनएसएसएच' या मुक्त रूपात ही प्रणाली मिळू लागली आणि २०१८ मध्ये विंडोजच्या घरगुती संगणकापर्यंत तिचा सर्व्हर पोहोचला.

उमरग्यातील एखाद्या प्राध्यापकाच्या टेबलावरील संगणकात वर्षानुवर्षांची टिपणे आहेत आणि ती पुण्याहून पाहावयाची आहेत, असे समजू. सर्व्हर बसवल्यावर पुण्याच्या संगणकात किल्ल्यांची जोडी तयार करावी. खासगी किल्ली तेथेच राहते. जाहीर किल्ली उमरग्यात नोंदवावी आणि परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश बंद करावा. पुढची मोर्तबे यंत्र स्वतःच करते.

शिक्का मात्र माणसानेच ओळखावा लागतो. पहिल्या भेटीत पडद्यावर उमरग्याच्या यंत्राची अंगुलिमुद्रा, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ, उमटते आणि विश्वास ठेवावा काय, असा प्रश्न येतो. बहुतेक जण न वाचताच होकार देतात. मध्येच कोणी तोतया यंत्र उभे केले असेल, तर त्या होकारानंतरचा सारा चोख बंदोबस्त तोतयाशीच होतो. म्हणून त्या वेळी उमरग्याला फोन लावावा, घरच्या माणसाकडून ती ओळ वाचून घ्यावी, आणि अक्षरन् अक्षर जुळले तरच होकार द्यावा.